शवासनातलं रडू

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



भांडुपला पश्चिमेकडे, जंगल मंगल रोडजवळच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये आमचा सकाळी सहाचा योगवर्ग भरतो. हॉल म्हणायचा एवढंच. एरवी तिथे बारशी होतात, साखरपुडे होतात, गणपतीच्या दिवसांत मखराचं सामान पडलेलं असतं. सतरंज्या अंथरल्या की जेमतेम अठराजणी मावतात. काही सोसायटीतल्या, पण बऱ्याचजणी वरच्या डोंगरावरच्या चाळींतून उतरून येतात. त्यांचं घड्याळ पाण्याच्या वेळेला बांधलेलं. मुंबईचं बरंचसं पाणी भांडुपच्या संकुलात शुद्ध होतं, पण आमच्या बायकांना पाण्यासाठी अर्ध्या शवासनातून उठून पळावं लागतं.

मी शाळेत विज्ञान शिकवत असे. आसनं लहानपणापासून वडिलांमुळे अंगवळणी पडलेली. शिकवायला लागले ते शेजारणींच्या आग्रहाने. त्यामुळे मांडीचा स्नायू कुठला आणि पाठीचा कणा कसा वळतो, हे मला सांगता यायचं. मनाचं काय करायचं, हे मात्र मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि ते आपल्याला येत नाही हेही माझ्या लक्षात आलेलं नव्हतं.

२००९ सालची गोष्ट. पावसाळा नुकता संपला होता. वर्गात एक मावशी नव्याने येऊ लागल्या होत्या. मालवणकडच्या, पन्नाशीच्या, चार घरी पोळीभाजीची कामं करणाऱ्या. अंग लवचीक, कामाने कमावलेलं. पश्चिमोत्तानासनात कपाळ सहज गुडघ्याला टेकायचं. चौथ्या की पाचव्या दिवशी मी सगळ्यांना शवासनात झोपवलं. पाय थोडे दूर, हात बाजूला, तळवे वर, डोळे मिटलेले. दोनएक मिनिटं गेली असतील. कोपऱ्यातून हुंदका ऐकू आला. आधी दाबलेला, मग न दाबता येणारा. मावशी रडत होत्या. बाकीच्या बायका डोळे उघडून बघायला लागल्या.

मी जवळ गेले आणि हलक्या आवाजात, पण ठामपणे म्हटलं, "मावशी, मन आवरा. योगात भावना जिंकायच्या असतात." त्यांनी पदराने डोळे पुसले, उठून बसल्या. "ताई, माका रडूक इला. कशाक ता म्हायत नाय," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाही. मग आल्याच नाहीत.

मला तेव्हा फार वाईट वाटलं, असं सांगितलं तर ते खरं होणार नाही. नव्याने येणाऱ्यांत गळती असतेच, असं म्हणून मी विषय सोडून दिला.

पुढे वर्षभराने मी एका शिबिराला गेले. तिथल्या शिक्षकांचं म्हणणं असं, की आपली जुनी दुःखं स्नायूंत साठून राहतात, विशेषतः कमरेच्या आणि जांघेच्या सांध्यांत. ते सांधे मोकळे केले की दुःख बाहेर पडतं, म्हणून माणूस रडतो. मला हे ऐकून हायसं वाटलं. मावशींच्या रडण्याचा उलगडा झाला, शिवाय ते रडणं चांगलं असतं हेही कळलं! मी तेच वर्गात सांगू लागले. मग एकदा सोसायटीतल्याच एक काकू बद्धकोनासनात बसल्या असताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "येऊ द्या काकू, जुनं काहीतरी बाहेर येतंय." काकूंनी ते मनावर घेतलं. कुठलं जुनं, याचा शोध त्या करू लागल्या. सासूचं बोलणं, राहून गेलेलं शिक्षण, धाकट्या भावाशी तुटलेला संबंध, एकेक काढत गेल्या. पंधरा दिवसांनी त्यांचे यजमान मला रस्त्यात भेटले. म्हणाले, "बाई, हिला रात्रीची झोप नाही. तुम्ही नक्की काय शिकवता?"

तेव्हा मात्र मी घाबरले. आणि जे आधी करायला हवं होतं ते केलं. वाचायला बसले.

योगाकडे विज्ञानाच्या नजरेने पाहण्याची परंपरा आपल्या महाराष्ट्रात शंभर वर्षं जुनी आहे. योगेंद्रजींनी १९१८ साली वर्सोव्याला योग संस्था काढली, ती पुढे सांताक्रूझला स्थिरावली. स्वामी कुवलयानंदांनी, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे यांनी, १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम उभारलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे संशोधनाचं नियतकालिक सुरू केलं. नौली करताना पोटात काय होतं, हे त्यांनी क्ष-किरणांनी आणि दाबमापकाने पाहिलं. या कैवल्यधामातले डॉ. विनेकर पुढे परळच्या केईएम रुग्णालयातल्या एका प्रयोगात सहभागी झाले. तो प्रयोग नेमका शवासनाचा होता.

केईएमचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली हा प्रयोग प्रसिद्ध केला. रक्तदाबाचे ४७ रुग्ण घेतले. त्यांना शवासन शिकवलं, पण नुसतं पडून राहणं नव्हे. पोटाने संथ, लयीत श्वास घ्यायचा आणि नाकपुडीशी लक्ष ठेवायचं. आत जाणारी हवा गार लागते, बाहेर येणारी उबदार, एवढंच अनुभवत राहायचं. औषध सुरू नसलेल्या १० जणांचा सरासरी रक्तदाब १३४ वरून १०७ वर आला. (हा आपल्या ओळखीचा वरचा किंवा खालचा आकडा नव्हे, दोन्हींवरून काढलेली सरासरी आहे.) औषधाने ज्यांचा दाब काबूत होता अशा २२ जणांपैकी १३ जणांचं औषध सुमारे एक तृतीयांशावर आणता आलं. औषध घेऊनही ज्यांचा दाब नीट उतरत नव्हता, अशा १५ जणांपैकी ६ जणांनाच हा लाभ झाला.

हे आकडे मी मुद्दाम सगळे सांगितले. आमच्या वर्गातल्या एका आजींनी शवासन सुरू केल्याबरोबर रक्तदाबाची गोळी परस्पर बंद केली होती. दात्यांच्या प्रयोगात औषध कमी झालं ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आणि सर्वांचं झालं नाही. तुलनेसाठी शवासन न करणारा वेगळा गटही त्यात नव्हता. ती उणीव पुढे इंग्लंडमध्ये डॉ. चंद्रा पटेल यांनी १९७० च्या दशकातल्या प्रयोगांत भरून काढली. रुग्णांचे दोन गट केले, आणि शिथिलीकरण शिकलेल्या गटाचा दाब अधिक उतरला.

आता यात भावनेचा संबंध कुठे येतो? आपण भ्यालो म्हणून काळीज धडधडतं, असं आपण म्हणतो. विल्यम जेम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १८८४ साली हा क्रम उलटा करून मांडला. आधी शरीर बदलतं आणि त्या बदलाची जी जाणीव आपल्याला होते, तीच भावना, असं त्याचं म्हणणं. पुढे वॉल्टर कॅनन याने आक्षेप घेतला, की धडधड रागातही होते, भीतीतही होते आणि जिना चढल्यावरही होते. मग नुसत्या धडधडीवरून भावना कुठली ते कसं ठरणार? १९६२ साली शॅक्टर आणि सिंगर यांनी दोन्हींची सांगड घातली. शरीर खळबळतं, आणि त्या खळबळीला मन प्रसंगानुसार अर्थ देतं. त्यांच्या प्रयोगावरही पुढे वाद झाले. पण शरीर आणि अर्थ, दोन्ही मिळून भावना होते, ही गोष्ट आज बहुतेक मानसशास्त्रज्ञ या ना त्या रूपात मान्य करतात.

याचं एक साधं उदाहरण आमच्याच वर्गातलं. दूरचित्रवाणीवर बघून कपालभाती करणाऱ्यांची मध्यंतरी लाटच आली होती. कॉलेजात जाणारी एक मुलगी परीक्षेच्या दिवसांत घरी जोरजोरात, न थांबता तेच करायची. वर्गात येऊन म्हणाली, "मॅडम, मला सारखी भीती वाटते." श्वास फार वेगाने होऊ लागला की रक्तातला कर्बवायू गरजेपेक्षा कमी होतो. बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, छातीत धडधडतं. भीतीत हेच होतं! परीक्षा तोंडावर असलेल्या मुलीच्या मनाने त्या खळबळीला भीतीचा अर्थ दिला, यात तिची चूक काय? तिला कपालभाती बंद करायला सांगितली आणि लांब उच्छ्वास शिकवला.

लांब उच्छ्वासच का, तर त्यालाही कारण आहे. आपण श्वास घेतो तेव्हा हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडतो तेव्हा उतरतात. उतरवण्याचं काम मेंदूपासून पोटापर्यंत पोचणारी व्हेगस नावाची नस करते. इटलीतल्या बर्नार्डी यांनी २००१ साली २३ निरोगी माणसांवर एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. काहींचा विषय मंत्र, काहींचा माळ, असं न करता प्रत्येकाकडून दोन्ही म्हणून घेतलं, तिबेटी बौद्ध मंत्र आणि ख्रिस्ती माळेची प्रार्थना. दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सुमारे सहावर आला, आणि हृदयाची व रक्तदाबाची लय त्याच्याशी जुळली. आपली आजी संथ लयीत स्तोत्र म्हणायची आणि मग शांत दिसायची, त्यामागेही असंच काही असेल, असं मला वाटतं.

पतंजलींना हे दिसलं होतं. योगसूत्रांच्या पहिल्याच पादात, चित्त विस्कटलं की सोबत काय काय येतं, याची यादी आहे. दुःख आणि खिन्नता या दोन मनाच्या गोष्टी, आणि त्यांच्याच पंगतीत अंगाचा कंप आणि बिघडलेला श्वास या दोन शरीराच्या. पुढे जे उपाय सांगितले आहेत त्यांत मैत्री आणि करुणा आहे, तसाच श्वास बाहेर सोडण्याचाही आहे. भावना जिंका, दाबा, मारा, असं तिथे म्हटलेलं नाही. ते मी माझ्या पदरचं घातलं होतं.

मग शवासनात रडू का येतं? एक गंमत पाहा. आपल्या अश्रुग्रंथींना पाझरायला लावणाऱ्या नसा विश्रांतीच्या, म्हणजे परानुकंपी, मज्जासंस्थेच्या आहेत. पळा किंवा लढा सांगणाऱ्या संस्थेच्या नव्हेत. धोका चालू असताना माणूस सहसा रडत नाही, तो टळल्यावर रडतो. २६ जुलै २००५ चा पाऊस आठवा. माझे यजमान दादरहून निघाले ते कुर्ल्याच्या पाण्यातून, कधी रुळांवरून, कधी रस्त्याने, दुसऱ्या दिवशी सकाळी भांडुपला पोचले. वाटेत काय काय पाहिलं ते कोरड्या आवाजात सांगत होते. मी चहा दिला. पहिला घोट घेतला आणि हा कधी न रडणारा माणूस ओंजळीत तोंड धरून रडला. वर्गात येणाऱ्या बाईचा दिवस कसा असतो? पहाटेपासून रात्रीपर्यंत ती कशाच्या ना कशाच्या मागे धावते. दहा बाय दहाच्या खोलीत डोळे मिटून पाच मिनिटं आडवं व्हायला जागा नाही आणि परवानगी तर त्याहून नाही. तिला तुम्ही म्हणता, आता काहीच करू नका. मग जे थांबून राहिलं होतं ते पुढे येणारच.

मात्र 'थांबून राहिलं होतं' म्हणजे कमरेच्या सांध्यात पुरचुंडी बांधून ठेवलं होतं, असं नव्हे. काळजीने स्नायू आखडतात आणि काळजी रेंगाळली की आखडलेलेच राहतात, इतपत खरं. पण अमुक दुःख अमुक सांध्यात बसतं, याला पुरावा नाही. काकूंना मी नसलेली पुरचुंडी शोधायला लावली होती. आणखी एक गोष्ट मला तेव्हा ठाऊक नव्हती. १९८३ साली हाइडे आणि बोर्कोव्हेक यांनी दाखवलं, की चिंता जडलेल्या काही माणसांना शिथिल व्हायला सांगितलं तर त्यांची चिंता उलट वाढते. म्हणजे शवासन सर्वांना सारखंच मानवेल, हेही गृहीत धरता येत नाही.

हे सगळं वाचून झालं तरी मावशींचं कोडं मला सुटलेलं नव्हतं. ते सुटलं भांडुप स्टेशनबाहेरच्या भाजीबाजारात. २०११ ची दिवाळी जवळ आली होती. अळूच्या जुड्या बघत उभी होते, तर शेजारून हाक आली, "ताई, बऱ्या मा?" मावशीच. मी ओशाळले. म्हटलं, "मावशी, त्या दिवशी मी तुम्हाला असं बोलायला नको होतं." त्यांनी हसून उडवून लावलं. मग कोथिंबिरीची काडी मोडत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझो घोव असोच निजलेलो हुतो. हात बाजूक सोडून."

वर्गात आल्या त्याच्या चार महिने आधी त्यांचे यजमान गेले होते. चाळीच्या ओट्यावर त्यांना ठेवलं होतं, ते तसं. डोळे मिटून, तळवे सैल सोडून मी मावशींना त्या स्थितीत झोपवलं, आणि वर त्या आसनाचं नावही मोठ्याने उच्चारलं. शवासन. मी ते हजारदा उच्चारलं असेन, त्यातला शव मला एकदाही ऐकू आला नव्हता.

तेव्हा कशाक ता म्हायत नाय म्हणाल्या होत्या. तेव्हा खरंच कळलं नव्हतं, की अठराजणींसमोर सांगावंसं वाटलं नव्हतं, हे मी विचारलं नाही. कमरेच्या सांध्याचा तिथे काही संबंध नव्हता. भावना आवरण्याच्या शक्तीचाही नव्हता. शरीर एका ठेवणीत आलं, आणि त्या ठेवणीचा त्या बाईपुरता एक अर्थ होता. तो मला कुठल्याही पुस्तकातून काढता आला नसता. तो फक्त मावशींकडे होता, आणि मी विचारलं असतं, निदान बोलायला वाव ठेवला असता, तर कदाचित मिळाला असता.

अमेरिकेत २०१४ साली मानसोपचारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. मोठा आघात सोसलेल्या आणि उपचारांनी बऱ्या न झालेल्या ६४ स्त्रियांपैकी निम्म्यांना दहा आठवडे योग शिकवला, उरलेल्यांना आरोग्यविषयक माहितीचे वर्ग दिले. अखेरीस योगाच्या गटातल्या निम्म्याहून किंचित जास्त स्त्रियांमध्ये त्या विकाराचं निदान उरलं नाही. दुसऱ्या गटात हे प्रमाण सुमारे एक पंचमांश होतं. मला त्यातला शिकवण्याचा प्रकार महत्त्वाचा वाटला. तिथे 'डोळे मिटा', 'सैल सोडा' अशा आज्ञा नव्हत्या. 'हवं तर डोळे मिटून पाहा, नको तर उघडे ठेवा', अशी भाषा होती. शरीराचं काय करायचं हे ज्यांना कधी ठरवू दिलं गेलं नाही, त्यांना ते ठरवू द्यायचं. आपल्याकडच्या गुरुजींना हे पचायला जड जाईल. मलाही गेलं. शाळेतली तीस वर्षांची सवय होती, "सगळ्यांनी डोळे मिटा" म्हणण्याची.

आता आमच्या वर्गात शेवटचं आसन सांगताना मी 'विश्रांती घेऊ' म्हणते. कुणी उताणं झोपतं, कुणी कुशीवर, कुणी भिंतीला टेकून बसतं. डोळे उघडे ठेवले तरी चालतात. कुणाला रडू आलं तर बाकीच्यांनी बघायचं नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. मी जवळ जाऊन बसते, हात लावायच्या आधी विचारते. "पाणी हवं का?" एवढंच बोलते. कारण विचारत नाही आणि सांगतही नाही. वर्ग संपल्यावर सतरंज्या गुंडाळताना मी मुद्दाम रेंगाळते, ज्यांना बोलायचं असतं त्या तेव्हा थांबतात. बोलण्याने भागणार नाही असं दिसलं, आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण नाही, जगण्यात राम वाटत नाही, असं कानावर आलं, तर मी डॉक्टरांकडे पाठवते, आणि एकदोघींबरोबर स्वतः गेले आहे. प्राणायाम वाढवा, असं सांगत नाही.

बद्धकोनासनातल्या काकूंची झोप, मी शोध थांबवायला सांगितल्यावर, हळूहळू परत आली. भावाशी मात्र त्या खरोखरच बोलल्या, ते माझ्यामुळे की माझ्या चुकीमुळे, कोण जाणे.

मावशी भाजीबाजारातल्या भेटीनंतर पुन्हा येऊ लागल्या. सुरुवातीचे काही महिने शेवटची पाच मिनिटं त्या मांडी घालून, डोळे उघडे ठेवून बसत आणि खिडकीतून रस्ता बघत. मग कुशीवर झोपायला लागल्या, उशाला स्वतःचाच हात घेऊन. उताण्या झोपलेल्या मी त्यांना अजून पाहिलेलं नाही, आणि सुचवणारही नाही. त्यांची जागा दाराशेजारी असते. वर पाणी आलं की पोरांची हाक येते, आणि त्या कुणालाही धक्का न लावता उठून जातात.